जुन्या ट्रकच्या केबिनची गळती: सीलंट, टेप आणि रबरांचा परखड आढावा

जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये पाणी यायला लागलं की पहिला हात जातो सिलिकॉनच्या ट्यूबवर, आणि काम तिथेच बिघडतं. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑनलाइन, गळतीवरचा माल आज हवा तेवढा मिळतो. त्यातला बराचसा चांगलाही आहे. पण चुकीच्या जागी लावलेला चांगला माल पाणी थांबवत नाही. आत आलेलं पाणी कोंडून धरतो, आणि दोन पावसाळ्यांत तिथला पत्रा बोटाने मोडण्याइतका सडतो. त्यामुळे या आढाव्यात ब्रँडपेक्षा प्रकार बघितले आहेत: कुठला माल कुठे चालतो, कुठे अजिबात नको, आणि का.

डोळ्यापुढे धरली आहे टाटा ४०७. १९८६ पासून रस्त्यावर असलेली ही गाडी, आणि तिच्या आगेमागे आलेले मोठे ट्रक. या सगळ्यांची समोरची काच रबरी चॅनलमध्ये बसवलेली असते, आजच्या गाड्यांसारखी पत्र्याला चिकटवलेली नसते. दुसरी जात म्हणजे काउल (केबिन नसलेली, पुढचा पत्रा तेवढा असलेली चेसिस) घेऊन बॉडीवाल्याकडून बांधलेली केबिन, लाकडी सांगाडा आणि वरून खिळ्यांनी ठोकलेला पत्रा. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण तिचं दुखणं वेगळं.

माल निवडताना तीन गोष्टी विचारायच्या. तो सांधा हलतो का? तो पुन्हा उघडावा लागणार आहे का? त्यावर रंग मारायचा आहे का? छताचा वेल्ड केलेला सांधा थोडा हलतो, उघडायचा नसतो, रंगवायचा असतो, म्हणून तिथे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं सीलंट. काचेचं रबर हलतं, काच कधीतरी काढावी लागणारच, रंग नको, म्हणून तिथे न सुकणारा बुटाइल, म्हणजे चिकट रबरी सीलंट. कॅरियरचे बोल्ट खोलावे लागतात, म्हणून तिथे बुटाइलची पट्टी आणि वॉशर.

आधी पाणी कुठून येतंय ते पकडा

माल आणण्याआधी अर्धा दिवस यासाठी काढा. थेंब जिथे पडतो तिथून पाणी शिरलेलं क्वचितच असतं. छताच्या पुढच्या कोपऱ्यात शिरलेलं पाणी अस्तराआडून खांबात उतरतं आणि पायाशी, नेमकं फ्यूजबॉक्सच्या बाजूला बाहेर येतं. मग लोक फ्लोअर सील करत बसतात.

पहिला प्रश्न: पाणी उभ्या गाडीत येतं की चालत्या? रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीत सकाळी पाणी दिसलं, तर छत, पन्हाळ किंवा काच. उभ्या गाडीत काहीच नाही आणि रस्त्यावर पाय भिजतात, तर चाकाने उडवलेलं पाणी, म्हणजे फ्लोअरची भोकं आणि व्हील आर्चचे सांधे. फक्त आंबोली किंवा करूळसारख्या घाटात, समोरून वाऱ्याचा मारा असताना येतं, तर काचेच्या रबराची वरची ओठी किंवा दाराची पुढची कड. घाट उतरताना गाडीचं नाक खाली असतं, तेव्हा पन्हाळीतलं पाणी पुढे वाहून काचेच्या वरच्या कोपऱ्यांवर साठतं. सपाटीवर न गळणारी गाडी उतारावर गळते ती यामुळे.

मग दोन माणसं, एक पाण्याचा पाइप आणि एक बॅटरी. पाइपचा नोझल काढून टाका, धार हळू ठेवा. आत बसणाऱ्याने मॅट, खालचं फेल्ट आणि जमेल तेवढं अस्तर काढून कोरड्या पत्र्यावर खडूची पूड भुरभुरवायची. बाहेरच्याने खालून सुरुवात करायची: आधी काचेची खालची कड, पाच मिनिटं. मग बाजू, मग वरची कड, मग पन्हाळ, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यावरूनच वाहतं आणि कुठलं भोक ते कळत नाही. सर्व्हिस स्टेशनचं प्रेशर वॉशर या कामाला वापरू नका. त्या दाबाने चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि तपासणीच खोटी ठरते.

काचेच्या रबराला दोन वाटा असतात, आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. पाणी काचेच्या आतल्या पृष्ठभागावर, रबराच्या ओठीपासून सुरू होऊन खाली ओघळलं, तर गळती काच आणि रबर यांच्यामध्ये आहे. काच आतून कोरडी आणि डॅशबोर्डच्या पत्र्यावर ओल, तर रबर आणि पत्रा यांच्यामध्ये. ही दुसरी वाट जास्त घातक, कारण तिथे चौकटीची कड आतल्या आत गंजत असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

काचेचं रबर: सर्वांत जास्त पैसे इथेच घाला

आधी जुनं रबर बघा. नख दाबलं आणि खूण लगेच भरून आली, घडीवर भेगा नाहीत, कोपरे चिकटून बसलेत, तर रबर बदलू नका; नुसता बुटाइल मॅस्टिक भरून काम होतं. वयाबरोबर रबर आखडतं. आखडलेलं रबर सरळ बाजूला ठीक दिसतं, पण कोपऱ्यात वळण सोडून आतून जवळचा रस्ता धरतं आणि दोन-तीन मिलिमीटरची फट पडते. असं रबर कितीही मॅस्टिक भरलं तरी टिकत नाही. बदला.

बाजारात तीन प्रकारचं रबर मिळतं. ईपीडीएम या कृत्रिम जातीचं रबर ऊन, पाऊस आणि ओझोन सोसतं. घ्यायचं ते हेच. स्वस्तातलं पुनर्वापराचं रबर पहिल्या वर्षी छान दिसतं, दुसऱ्या उन्हाळ्यात घडीवर बारीक भेगा धरतं. प्लास्टिकसारखं चकचकीत पीव्हीसीचं बीडिंग थंडीत कडक होतं आणि कोपऱ्यात वळतच नाही. दुकानात पारख करायची ती अशी: तुकडा पूर्ण दुमडून अर्धा मिनिट धरा. सोडल्यावर पांढरी रेघ राहिली किंवा वळण तसंच राहिलं तर परत द्या. हात काळा करणारं रबरही घेऊ नका. तुमच्या मॉडेलसाठी कंपनीचं, वळणासकट साचातून काढलेलं रबर मिळत असेल तर मीटरवरच्या रबरापेक्षा तेच घ्या. फरकाचे पैसे पहिल्याच पावसाळ्यात वसूल होतात.

मीटरवरचं घ्यावं लागलं तर काचेचा परीघ टेपने मोजा. तो पाच मीटर भरला तर पाच-सात सेंटिमीटर जास्त कापा आणि बसवताना ओढू नका, उलट दाबत बसवा. ताणून बसवलेलं रबर महिनाभरात मूळ लांबीवर येतं आणि जोड उघडतो. जोड सरळ बाजूच्या मध्यावर घ्या, कोपऱ्यात कधीच नाही.

जुनं रबर उपसून काढण्याचा प्रयत्न करू नका. बाहेरची ओठी ब्लेडने कापून टाका, काच आपोआप सुटते. नंतरची पायरी बहुतेक ठिकाणी टाळली जाते आणि गळती तिथूनच परत येते: चौकटीची कड. वायर ब्रश, मग ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, खड्ड्यांत रस्ट कन्व्हर्टर, त्यावर एपॉक्सी प्रायमर, आणि एक रात्र वाळवण. गंजाचा पापुद्रा राहिला तर कड जाड होते, चॅनल पूर्ण बसत नाही. वेल्डिंगचा एक उंचवटा राहिला तरी काच त्याच बिंदूवर टेकते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात तडकते. डेंटरने कड बनवून दिली असेल तर तिच्यावरून बोट फिरवून बघा, प्रत्येक उंचवटा घासून घ्या.

बसवताना रबर आधी काचेवर चढवायचं. पत्र्याच्या बाजूच्या खाचेत चार-पाच मिलिमीटरची नायलॉन दोरी फिरवायची, दोन्ही टोकं खालच्या मध्यावर वीतभर एकमेकांवर घ्यायची. खाचेला साबणाचं पाणी. काच बाहेरून चौकटीत टेकवली की आतला माणूस दोरी काचेला समांतर, हळूहळू ओढतो आणि बाहेरचा त्याच जागी तळहाताने दाबतो. ओठी पत्र्यावरून आत पलटत जाते. ग्रीस किंवा डिझेल लावून रबर सरकवण्याची सवय फार ठिकाणी आहे. ती मोडा, कारण ईपीडीएम तेलाने फुगतं आणि नंतर सैल पडतं. रबराला चमक यावी म्हणून डिझेलचं फडकं मारणंही याच कारणाने नको.

मॅस्टिक शेवटी. बुटाइलचा न सुकणारा मॅस्टिक गनच्या कार्ट्रिजमध्ये मिळतो. बाहेरची ओठी प्लास्टिकच्या चपट्या तुकड्याने उचला आणि तीन-चार मिलिमीटरची रेघ आत सोडा: एकदा काच आणि रबर यांच्यामध्ये, एकदा रबर आणि पत्रा यांच्यामध्ये. परीघ पाच मीटर धरला तर दहा मीटर रेघेला साधारण १२५ मिलिलिटर लागतो, म्हणजे ३१० मिलिलिटरच्या कार्ट्रिजचा अर्धाही नाही. भरायचं ते फक्त बाहेरून. आतली ओठी मोकळी राहू द्या, म्हणजे चुकून आत गेलेलं पाणी दिसतं आणि वाळतंही. बाहेर आलेला मॅस्टिक रॉकेलच्या नुसत्या ओलसर फडक्याने पुसा. लॅमिनेटेड काचेच्या कडेला थिनर लागू देऊ नका, मधल्या थराला ते बाधतं आणि कड दुधाळ होते.

या कामाला बुटाइलला आमची पहिली पसंती आहे. तो कधी वाळत नाही, काचेबरोबर आणि पत्र्याबरोबर हलत राहतो, आणि दहा वर्षांनी काच काढायची वेळ आली तर काच फोडावी लागत नाही. दोष एकच: उन्हात मऊ होतो, त्यामुळे उघड्यावर जाड थर दिला तर ओघळतो आणि धूळ धरतो. रबराच्या ओठीखाली तो प्रश्न येत नाही.

छताचे सांधे आणि पन्हाळ: इथे पीयू

पत्र्याच्या छताची कड आणि बाजूचा पत्रा जिथे एकत्र येऊन पन्हाळ होते, तिथे कंपनीने भरलेलं सीलंट वीस-तीस वर्षांत मातीसारखं कडक होतं आणि केसाएवढ्या भेगा पडतात. ट्रकची केबिन चालताना पिळवटते, त्यामुळे स्पॉट वेल्डच्या मधला भाग उघडमीट करतो. अशा जागी लवचीक, चिकटणारं आणि रंग धरणारं सीलंट लागतं. एकघटक पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानातलं 'पीयू', यासाठीच आहे. गाड्यांच्या कामाचं सिकाफ्लेक्स २२१ किंवा त्याच प्रतीचं दुसरं ऑटोमोटिव्ह पीयू मागा. बांधकामाच्या फटींसाठीचं पीयू नको. ते त्या कामाला चांगलं, पण पत्र्याच्या आणि रंगाच्या हिशेबाने बनवलेलं नसतं.

पीयू साध्या सिलिकॉनच्या दुपटीहून महाग पडतं, आणि तरीही तेच घ्या. सहा मिलिमीटर जाडीची गोल रेघ धरली तर ३१० मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये साधारण अकरा मीटर निघते. ४०७ च्या छताचा चारही बाजूंचा सांधा साडेसहा-सात मीटरच्या घरात येतो, म्हणजे एका कार्ट्रिजमध्ये छत होऊन थोडं उरतं.

घेताना तारीख बघाच. पीयू हवेतल्या दमटपणाने पिकतं, त्यामुळे जुन्या ट्यूबमध्ये आतल्या आत घट्ट होतं. कार्ट्रिजच्या मागचा पिस्टन अंगठ्याने दाबा, दगडासारखा लागला तर दुसरी मागा. उघडलेली ट्यूब पुढच्या मोसमाला ठेवता येत नाही. काही दिवसांत नोझलपासून मागे पिकत जाते. दोन गाड्यांचं काम एकत्र काढलं तर माल वाया जात नाही.

लावण्याची पद्धत सीलंटइतकीच महत्त्वाची. जुना भराव जुन्या हॅक्सॉ ब्लेडचं टोक वाकवून खरवडून काढा. त्याच्यावरच नवा थर दिला तर नवा थर जुन्याला चिकटतो आणि जुना पत्र्यापासून सुटतो. उघडा पत्रा दिसला की गंज काढून प्रायमर, पूर्ण वाळू द्या. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मधे आठ-दहा मिलिमीटर जागा. नोझल तिरपा कापा, तोंड सहा मिलिमीटर, आणि गन ढकलत न्या, म्हणजे सीलंट फटीत शिरतं. हातमोज्याच्या बोटाने एकाच दमात दाबून घ्या आणि साय धरण्याआधी टेप काढा. आपल्याकडच्या दमट हवेत साय अर्ध्या-पाऊण तासात येते. आतून पिकायला दिवसाला दोन-तीन मिलिमीटर हा वेग धरा. सहा मिलिमीटरच्या रेघेला दोन-तीन दिवस द्या, मग रंग. ओलं पीयू स्पिरिट किंवा अल्कोहोलने पुसलं तर ते पिकतच नाही, चिकट राहतं. हातमोजे घाला आणि केबिनच्या आत लावताना दोन्ही दारं उघडी ठेवा, ओल्या पीयूची वाफ श्वासाला चांगली नाही.

पन्हाळ काठोकाठ भरून सपाट करू नका. सांध्यावर रेघ बसली पाहिजे, पण पाणी वाहायला खोली आणि टोकांना तोंड मोकळं राहिलं पाहिजे. बुजलेल्या पन्हाळीतलं पाणी थेट दाराच्या वरच्या रबरावर पडतं, आणि मग दार गळायला लागलं असं वाटतं.

पीयूचा उणेपणा म्हणजे ऊन. रंग न मारता सोडलं तर दोन-चार वर्षांत वरचा थर खडूसारखा होतो. रंगवायचं नसेल तर एमएस पॉलिमर, म्हणजे हायब्रिड सीलंट घ्या. उन्हाला ते जास्त टिकतं, वास कमी, रंगही धरतं. किमतीने पीयूच्या बरोबरीला किंवा थोडं वर.

सिलिकॉन: ट्रकच्या केबिनवर नको

दुकानात सर्वांत पुढे मांडलेलं, सर्वांत स्वस्त, आणि लावायला सर्वांत सोपं. तरी आमचं मत स्पष्ट आहे. बाथरूमसाठी मिळणाऱ्या साध्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो ॲसेटिक ॲसिडचा वास आहे, आणि उघड्या पत्र्यावर ते गंज सुरू करतं. वरून थर चकचकीत, खाली तांबडी पूड. जुन्या रबराला सिलिकॉन नीट धरत नाही, त्यावरच्या पॉलिशमुळे आणि धुळीमुळे तर नाहीच. कडेने सुटतं, केशाकर्षणाने पाणी आत ओढतं आणि बाहेर जाऊ देत नाही. तिसरं नुकसान पेंटर सांगेल: सिलिकॉनवर रंग बसत नाही, आणि त्याचा अंश पुसला गेला तरी आजूबाजूच्या रंगात 'फिश आय', म्हणजे बारीक गोल खड्डे पडतात. ज्या सांध्यावर एकदा सिलिकॉन लागलं, तिथे नंतर पीयूही धरत नाही, जोवर ब्लेडने आणि पॉलिश पेपरने नवा पत्रा दिसेपर्यंत घासत नाही तोवर.

न्यूट्रल क्युअर सिलिकॉनला तो वास नसतो आणि पत्रा खात नाही. मागच्या छोट्या काचेला, जिथे कधी रंग मारायचा नाही, तिथे ते चालून जातं. त्यापलीकडे नाही.

बुटाइलच्या टेप

ॲल्युमिनियमची पाठ असलेली, पाच किंवा दहा सेंटिमीटर रुंदीची टेप हल्ली सगळीकडे मिळते. खरी बुटाइल टेप चांगला माल आहे: तातडीचं काम, लांब प्रवासात फाटलेला सांधा, लाकडी केबिनच्या छतावरची खिळ्यांची रांग. गोम अशी की बुटाइलच्या नावाखाली डांबराची टेपही विकली जाते. कोपऱ्यातून थोडा चिकट भाग ओढून बघा. बुटाइल लांब तार काढत ताणतं, डांबर तुकडा पडून तुटतं आणि चोळून गरम केल्यावर रस्त्याच्या कामाचा वास येतो. मे महिन्यात बंद ट्रकच्या छताचा पत्रा साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो. डांबराची टेप त्या उन्हात सरकते आणि कडेने काळे ओघळ सोडते.

टेप ओल्या, तेलकट किंवा गंजलेल्या पत्र्यावर लावणं म्हणजे टेप फुकट घालवणं. थिनरने पुसा, वाळू द्या, लावल्यावर लाटण्यासारख्या रुळाने जोर देऊन दाबा. खालून वर लावत जा, वरची पट्टी खालच्या पट्टीवर पाच सेंटिमीटर यावी, कौलं शाकारतात तशी. टोकं गोल कापा, चौकोनी टोक वाऱ्याने उचललं जातं. केबिनचा पुढचा भाग, जिथे वाऱ्याचा थेट मारा आहे, तिथे टेप कायमची समजू नका. पावसाळा संपला की ती काढून पीयूचं काम करून घ्या.

पाठ नसलेली, दोन्ही बाजूंनी चिकटणारी बुटाइलची पट्टी मात्र प्रत्येक गॅरेजमध्ये असावी. कॅरियरचे पाय, सनव्हायझर, छतावरचे दिवे, हॉर्न, नावाची पाटी, हे सगळं बोल्टने छताला बसवलेलं असतं आणि प्रत्येक बोल्ट म्हणजे एक भोक. बोल्ट काढा, भोकाच्या कडेला प्रायमरचा ठिपका, पट्टीचा तुकडा गोल करून भोकाभोवती, आणि वर शेडच्या पत्र्याला लागतो तो रबर बसवलेला वॉशर. आवळताना बुटाइल चहूबाजूंनी थोडा बाहेर डोकावला की थांबा. पूर्ण आवळलं तर सगळा माल बाहेर येतो आणि मधे काहीच उरत नाही. दिव्याच्या वायरीसाठी पाडलेल्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. त्या भोकाबाहेर वायरीला खाली वळण द्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता वळणावरून गळून पडतं.

एपॉक्सीचा गोळा, म्हणजे एम-सील आणि त्या जातीचा माल, कडक होतो. डॅशखालच्या न हलणाऱ्या पत्र्यातल्या बारीक भोकाला, गंज साफ करून, उत्तम. सांध्यावर लावला तर केबिन पिळवटते तेव्हा तडकतो. डेंटरची पुट्टी गळतीवर कधीच नको, ती पाणी शोषते आणि आतून पत्रा ओला ठेवते. सडलेल्या जागी पत्र्याचा तुकडा वेल्ड करणं हाच उपाय.

दार: सीलंट कपाटात ठेवा

दाराचं रबर बदलण्याआधी दार थोडं उघडून हँडलला धरून वर उचला. खडखड झाली, दार वरखाली हललं, तर बिजागरीची पिन आणि बुश गेलेत. लटकलेल्या दाराला नवं रबर लावलं की ते वरच्या कोपऱ्यात फाटतं आणि खालच्या कोपऱ्यात टेकतच नाही. आधी पिन-बुश, मग लॉकचा खुंटा आत घेऊन दार बसवा, मग रबर.

दाब तपासायला कागदाची पट्टी रबरावर ठेवून दार लावा आणि ओढा. चहूकडे सारखी अडकत आली पाहिजे. जिथे सहज निघते तिथे खडूने खूण करा. पोकळ गोल नळीचं ईपीडीएम रबर एक तृतीयांश दबलं म्हणजे बरोबर. निम्म्याहून जास्त दबलं तर दार आपटावं लागतं आणि बिजागऱ्या पुन्हा जातात. चिकटपट्टीवालं स्पंज रबर घेताना तुकडा पाण्यात दाबून बघा. पाणी पीत असेल तर ते दारासाठी नाही. चिकटवायचं असेल तर फेविबॉन्डसारखा रबर चिकटवायचा गोंद दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग दाबा. जोड दाराच्या खालच्या कडेला घ्या. एका दाराला साधारण चार-साडेचार मीटर रबर लागतं, तरी मोजूनच घ्या.

दाराच्या काचेशेजारून पाणी दाराच्या पोटात जाणं हे दोषाचं लक्षण नाही. दार तसंच बनवलेलं आहे. ते पाणी खालच्या भोकांतून बाहेर पडलं पाहिजे. ही भोकं चिखलाने, किंवा अंडरकोटिंग मारणाऱ्याने बुजवलेली असतात. चार मिलिमीटरच्या तारेने मोकळी करा आणि कुणालाही ती सील करू देऊ नका. दार उघडताना पोटात पाणी डचमळलं तर भोकं बंद आहेत हे नक्की.

आतल्या पॅनेलमागे कंपनीने प्लास्टिकचा कागद लावलेला असतो. स्पीकर बसवताना किंवा काच वर-खाली करायची मशीन दुरुस्त करताना तो फाडला जातो आणि परत लावला जात नाही. नंतर पाणी पॅनेलमधून थेट सीटच्या बाजूला येतं. ८०० गेजचा, म्हणजे २०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद पॅनेलच्या मापाने कापा, बुटाइलच्या पट्टीने चिकटवा आणि खालची कड दाराच्या पोटात सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी आतच उतरतं. या संपूर्ण आढाव्यातलं सर्वांत स्वस्त काम हे आहे, आणि दाराच्या गळतीवर सर्वांत गुणकारी.

फ्लोअर आणि वायपर

फ्लोअरमधून पाणी येण्याच्या वाटा: स्टिअरिंगच्या दांड्याचा बूट (रबरी टोपण), पेडलच्या फटी, गिअर लिव्हरचं रबर आणि वायरिंगचे ग्रोमेट. फाटलेला बूट बदलायचा, चिकटवायचा नाही. व्हील आर्चचे सांधे खालून वायर ब्रशने साफ करून पीयू, वर अंडरकोट. वायपरच्या दांड्याखालचा रबरी वॉशर विसरू नका. तो वाळला की पाणी दांड्यावरून थेट वायपर मोटरवर टपकतं, आणि भर पावसात वायपर बंद पडतो.

लाकडी केबिन

इथे खिळा लाकडात सैल होतो, भोक मोठं होतं, आणि पाणी पत्र्यातून लाकडात जाऊन राहतं. ओल्या लाकडावर काहीही लावलं तरी उपयोग नाही. मार्च-एप्रिलमध्ये आतलं अस्तर उघडून सांगाडा वाळवा, स्क्रूड्रायव्हर टोचून सडलेल्या पट्ट्या शोधा आणि बदला. सैल खिळे काढून जाड स्क्रू आणि रबरी वॉशर, प्रत्येकाखाली बुटाइल. खिळ्यांच्या निम्म्याहून जास्त जागा सैल असतील तर डागडुजीत पैसे घालू नका, छताचा पत्रा नवा टाकून घ्या आणि पुढची-मागची कड खाली वळवून घ्या, म्हणजे पाणी कडेवरून सुटून पडतं, आत वळत नाही.

कारागिराकडे दिलं तर

काचेचं काम काचवाल्याकडूनच करून घ्या, काच फुटण्याचा धोका आहे. पण काम देताना तीन गोष्टी आधी ठरवा: काच काढल्यावर चौकट तुम्हाला दाखवायची, गंज असेल तर प्रायमर वाळेपर्यंत गाडी थांबवायची, आणि सिलिकॉन लावायचं नाही, बुटाइल तुम्ही आणून देणार. एका तासात काच बसवून देतो म्हणणाऱ्याने चौकट बघितलेलीच नसते. छताचं काम डेंटरकडून, पण सीलंट लावताना उभे राहा. जुना भराव खरवडायला जो वेळ लागतो तोच सगळ्यात आधी वाचवला जातो.

काम झाल्यावर पीयू पिकायला दोन-तीन दिवस द्या आणि पुन्हा तीच पाइपची तपासणी, खालून वर. ती कोरडी निघेपर्यंत मॅट आणि फेल्ट परत टाकू नका. फेल्ट भिजलेलं असेल तर फेकून द्या, उन्हात वरून वाळलेलं दिसलं तरी आतून आठवडाभर ओलं राहतं आणि नव्या रंगाखालचा फ्लोअर पुन्हा गंजवतं.